'घाटी' ही जातिवाचक शिवी आहे का?

साखरप्यावरून आंबा घाट चढला की कोल्हापूरचा मुलूख, चिपळुणातून कुंभार्ली चढला की पाटण-कऱ्हाड. खाली राहणाऱ्या रत्नागिरीकराच्या लेखी वरचे सगळे 'घाटावरचे', आणि तोंड सुटले की 'घाटी'. या शब्दावरून वाद पेटला की दोन ठाम मते ऐकू येतात. पहिले मत असे की हा निव्वळ भूगोलाचा शब्द आहे, त्यात राग येण्यासारखे काही नाही. दुसरे असे की ही जातिवाचक शिवी आहे आणि ती उच्चारणाऱ्यावर थेट ॲट्रॉसिटी लागते. माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि चूक एकाच ठिकाणी होते. शब्दाचा निवाडा त्या शब्दाकडे बघूनच करता येतो, असे दोघेही धरून चालतात.

पहिल्या मतात तथ्य आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी अणुस्कुऱ्यासारख्या घाटांतून लादलेले बैल राजापूर बंदराकडे उतरत. खाली येताना धान्य, गूळ, मिरची. वर जाताना मीठ, सुकी मासळी, नारळ. त्या व्यवहारात 'घाटावरचा' म्हणजे कुठून आला एवढेच सांगणारा शब्द होता. आजही छत्रपती संभाजीनगरचे लोक तिथल्या शासकीय रुग्णालयाला सर्रास 'घाटी' म्हणतात आणि त्यात कुणाला अपमान दिसत नाही. मुंबईच्या दुकानांत 'घाटी मसाला' विकला जातो तो चवीच्या कौतुकाने. पण ज्या क्षणी शब्दाने घाट सोडला, त्या क्षणी भूगोलाचा दावा लंगडा झाला. मुंबईत तो ओझी वाहणाऱ्या, अंगमेहनतीची कामे करणाऱ्या देशावरच्या माणसांना चिकटला आणि त्याला 'अडाणी', 'गावंढळ', 'हलक्या कामाचा' असे अर्थ येऊन मिळाले. पुढे शहरातल्या इंग्रजाळलेल्या वर्गाने तो सरसकट मराठी माणसाला लावला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईला सर्वाधिक माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अगदी वर होता. गिरण्यांच्या खात्याखात्यांत कोकणातली माणसे होती. ज्यांनी घाट कधी चढला नाही, समुद्राच्या वाटेने बोटीतून जे मुंबईला गेले, त्यांची मुले-नातवंडेही तिथे 'घाटी' ठरली. गोव्यात तर 'घांटी' हा शब्द कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून आलेल्या मजुराला तुच्छतेने लावला जातो, त्याचे गाव घाटावर आहे की नाही याची चौकशी न करता. रत्नागिरीहून गेलेल्या माणसाला 'घाटी' म्हटले जात असेल, तर त्या शब्दात भूगोल उरलेला नाही.

मूळ अर्थ निरुपद्रवी आहे म्हणून शब्द निरुपद्रवी, हा युक्तिवाद न्यायालयातही टिकलेला नाही. 2008 सालच्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. उच्चारलेला शब्द हे एका जातीचे रीतसर नाव होते. न्यायालयाने सांगितले की व्युत्पत्तीचा अर्थ पाहायचा नाही, वापराने आलेला लोकांतला अर्थ पाहायचा. अपमान करण्याच्या हेतूने ते नाव वापरले तर तो गुन्हा होतो. तो खटला जातीच्या नावाचा होता, 'घाटी'चा नव्हता. पण 'शब्दकोशात बघा, त्यात वाईट काही नाही' या बचावाचे उत्तर त्यात आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. मित्र मित्राला 'ए घाट्या' म्हणतो, देशावरचा त्याला 'कोकण्या' म्हणून परतफेड करतो, दोघे हसतात. तेही पाप का? अजिबात नाही. माणसे टोपणनावे स्वतःहून मिरवतात. कोकणस्थ ब्राह्मण स्वतःला 'कोब्रा' म्हणवून घेतातच. फुटबॉलमध्ये याचे मोठे उदाहरण कोलकात्यात आहे. मोहन बागान हा 1889 चा क्लब, ईस्ट बंगाल 1920 चा. पहिल्याचे पाठीराखे 'घोटी', म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे; दुसऱ्याचे 'बांगाल', म्हणजे पूर्वेकडून आलेले. 'बांगाल' शब्दात एके काळी गावंढळपणाची टिंगल होती, आणि फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या माणसांना ती झोंबत असे. त्याच माणसांनी आपल्या क्लबभोवती एकवटून ते नाव अभिमानाचे केले. मात्र स्वतःहून घेतलेल्या नावाने सगळा प्रश्न सुटतो असेही नाही. लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परचे पाठीराखे ज्यूंसाठीची एक जुनी शिवी स्वतःच्या घोषणांत वापरत आले. 2013 साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याविरुद्ध ताकीद दिली, काही पाठीराख्यांवर खटले भरले गेले आणि 2014 मध्ये ते मागे घेतले गेले. तरीही 2022 साली क्लबनेच आपल्या प्रेक्षकांना हा शब्द सोडण्याची विनंती केली, कारण त्याने दुखावली जाणारी ज्यू माणसे खरोखरच होती. दोन बरोबरीच्या मित्रांतली मोकळीक मुकादमाला मजुराशी बोलताना आपोआप मिळत नाही.

आता दुसरे मत. 'घाटी' जातीचे किंवा धर्माचे नाव आहे का? नाही. त्या एका शब्दात मराठा, धनगर, माळी, ब्राह्मण, बौद्ध, मुसलमान सगळे येतात. मूळ अर्थाने पाहिले तरी, वर राहतात एवढेच त्यांच्यात समान. धर्माचे वैर क्रीडांगणावर कसे दिसते हे पाहायचे तर ग्लासगोकडे जावे. रेंजर्स 1872 चा क्लब, प्रॉटेस्टंटांचा मानला गेलेला. सेल्टिक 1887 मध्ये आयरिश कॅथलिक गरिबांच्या अन्नासाठी पैसे उभे करण्याच्या हेतूने स्थापन झाला. रेंजर्सच्या पाठीराख्यांना 'हन' आणि सेल्टिकच्यांना 'फेनियन' म्हणणे ही धार्मिक शिवी की क्लबचे टोपणनाव, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद आहे. स्कॉटलंडच्या 2003 च्या कायद्याने या वादात शब्दांची यादी केली नाही. समोरचा एखाद्या धर्मगटाचा आहे, किंवा तसा आहे असे समजून, त्या कारणाने आकस दाखवला का, एवढे तो कायदा तपासत असे. 2012 साली खास फुटबॉलसाठी आणलेला कायदा मात्र 2018 मध्ये रद्द करावा लागला. 2003 च्या कायद्याची तपासणीची पद्धत मला पटते, आणि तिच्यावर घासून पाहिले तर 'घाटी' हा प्रदेशाचा आणि वर्गाचा तुच्छतादर्शक शब्द ठरतो, पंथाचा किंवा जातीचा नव्हे. जातीचा नाही म्हणजे सौम्य, असे मात्र कुणी समजू नये. गरिबीवरून आणि अंगमेहनतीवरून हिणवणे हीही हिणवणीच आहे.

हा फरक काटेकोरपणे पाळला पाहिजे, कारण कायदा त्यावर चालतो. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असावी लागते, अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो, आणि कलम 3(1)(एस) खाली शिवीगाळ जातीच्या नावाने व्हावी लागते. 'घाटी' हे जातीचे नाव नाही, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर ते कलम उभे राहत नाही. 2020 च्या हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपमान ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणाने झालेला असला पाहिजे. हा कायदा ज्यांच्या रक्षणासाठी आहे, त्यांच्या तक्रारी ढिसाळ कलमांमुळे बारगळतात तेव्हा नुकसान त्यांचेच होते.

पण कायदा जात-धर्मापुढे काहीच ओळखत नाही, हाही गैरसमजच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 मध्ये, म्हणजे पूर्वीच्या 153-अ मध्ये, धर्म आणि जातीबरोबर जन्मस्थान, निवास आणि भाषा हीदेखील कारणे आहेत. त्यासाठी दोन गटांत वैर पेटवण्याचा प्रकार दिसावा लागतो. 1997 च्या बिलाल अहमद कालू निकालापासून हे स्थिर आहे. सभेत किंवा समाजमाध्यमावर 'घाट्यांना हाकला' असे भडकावणारा माणूस त्या कलमाच्या टप्प्यात येऊ शकतो. एकट्यादुकट्याला शांतताभंग होईल असे चिडवण्यासाठी मुद्दाम अपमान केला तर कलम 352 आहे, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे. म्हणून पोलिस ठाण्यात तक्रार देताना नुसते 'मला घाटी म्हटले' एवढे लिहून थांबू नये. कोण म्हणाले, कोणासमोर, त्याआधी काय घडले, सोबत आणखी कोणते शब्द होते, हे क्रमाने लिहावे. कोणते कलम लागते हे त्या तपशिलावरून ठरते.