हिस्पॅनिक विद्यार्थी आणि जैववैद्यकीय संशोधन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत स्पॅनिशभाषक मुळाची हिस्पॅनिक (लॅटिनो) लोकसंख्या 6 कोटी 21 लाख, म्हणजे सुमारे 19 टक्के भरली. जैववैद्यकीय संशोधकांमध्ये त्यांचे प्रमाण मात्र याहून बरेच कमी आहे. असे का, याचे ठरलेले उत्तर हाताशी असते.

गैरसमज : या मुलांना विज्ञानात रसच नसतो.

हे उत्तर वर्षानुवर्षे दिले जाते आणि आकडे दाखवले तरी मागे घेतले जात नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उच्चशिक्षण संशोधन संस्थेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल पाहावा. महाविद्यालयात पाऊल टाकताना विज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित घेऊ इच्छिणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांत आणि लॅटिनो, कृष्णवर्णीय व मूलनिवासी विद्यार्थ्यांत जवळजवळ सारखेच होते. तफावत पडली ती पुढे. 2004 साली अशा इच्छेने दाखल झालेल्यांपैकी पाच वर्षांत या विषयांची पदवी मिळवणारे आशियाई विद्यार्थी सुमारे 42 टक्के, गोरे 33 टक्के आणि लॅटिनो 22 टक्के होते.

‘मग अभ्यासच झेपत नसेल’ ही पुढची पळवाट. 2019 मध्ये ‘एज्युकेशनल रिसर्चर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार विज्ञानशाखा सोडून दुसरीकडे वळणारे लॅटिनो विद्यार्थी 37 टक्के, तर गोरे 29 टक्के होते. इतर शाखांमध्ये शाखा बदलण्याची अशी दरी दिसली नाही. दोष सरसकट विद्यार्थ्यांच्या कुवतीचा असता, तर तो तिथेही दिसला असता.

गळती कुठे होते हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असते. पहिल्या वर्षीचे रसायनशास्त्र आणि कलनशास्त्र हे मोठे अडथळे. त्यात अनेकांना शिकता शिकता नोकरी करावी लागते. प्रयोगशाळेत बिनपगारी काम करणे त्यांना परवडत नाही. घरातून महाविद्यालयात जाणारी पहिलीच पिढी असेल, तर जीवशास्त्र घेणारा डॉक्टर होणार एवढेच माहीत असते. संशोधन हीही पगाराची नोकरी असते, हे सांगणारे कोणी नसते.

संशोधनाच्या पूर्वतयारीचे कार्यक्रम नेमके इथेच काम करतात. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) 1970 च्या दशकात सुरू केलेल्या ‘मार्क’ कार्यक्रमात निवडक विद्यार्थ्यांना विद्यावेतन, मार्गदर्शक, उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात संशोधन आणि पीएचडीच्या अर्जासाठी मदत मिळत असे. 2025 मध्ये अशा अनेक कार्यक्रमांवर गंडांतर आले. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 1988 पासून चाललेल्या जीवशास्त्र कार्यक्रमाच्या मूल्यमापनात, त्यात सहभागी झालेले विद्यार्थी गणित आणि विज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमांत अधिक टिकून राहिल्याचे आढळले. विद्यार्थी तेच राहिले, आधार तेवढा वाढला.

उरलेले गैरसमज थोडक्यात निपटता येतात.

‘प्रयोगशाळा हे हुशार मुलांचे बक्षीस.’ उलट आहे. स्वतः प्रयोग केल्यानेच आपण वैज्ञानिक होऊ शकतो हा विश्वास बळावतो. शेवटच्या वर्षापर्यंत थांबवले, तर बरेच जण त्याआधीच गेलेले असतात.

‘पीएचडीला फार पैसे लागतात.’ वैद्यकीय पदवीला लागतात. अमेरिकेत जैववैद्यकीय पीएचडी करणाऱ्याचे शुल्क बहुधा माफ असते आणि वर विद्यावेतनही मिळते.

‘इंग्रजी येत नाही.’ प्यू संशोधन केंद्राच्या माहितीनुसार 2021 मध्ये पाच वर्षांवरील 72 टक्के लॅटिनोंना इंग्रजी चांगले येत होते.

‘सगळे स्थलांतरित.’ बहुसंख्य हिस्पॅनिक अमेरिकेतच जन्मलेले आहेत. पोर्तो रिकोचे लोक तर 1917 पासून अमेरिकी नागरिक आहेत, आणि हिस्पॅनिक पीएचडीधारक घडवण्यात तिथल्या विद्यापीठाचा मोठा वाटा आहे.

‘हिस्पॅनिक-सेवी संस्था म्हणजे त्यांच्यासाठी काढलेली महाविद्यालये.’ पदवीच्या वर्गांत किमान 25 टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असणे हा तिचा मुख्य निकष. संस्था कोणासाठी स्थापन झाली याच्याशी त्याचा संबंध नाही.

‘हे पूर्वतयारीचे कार्यक्रम म्हणजे आरक्षणच.’ प्रवेशातील वांशिक राखीव जागा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच अवैध ठरवल्या. पूर्वतयारी पुरी केलेल्या विद्यार्थ्यालाही पीएचडीसाठी इतरांसारखाच अर्ज करावा लागतो, मुलाखत द्यावी लागते आणि नकारही पचवावा लागतो.