पोपटी शिजली, पण आतली कोंबडी?

भातकापणी झाल्यावर शेतात उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरला जातो. थंडी चांगली पडली की त्याला शेंगा धरतात आणि अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या भागांत पोपटीचे दिवस सुरू होतात. मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुले, लेकी-जावई, नातवंडे असे सगळे कुटुंब रात्री शेतावर जमते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी असे थर रचतात. तोंडाशी पुन्हा पाला घट्ट कोंबून मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून देतात. अर्ध्या-पाऊण तासाने घरातला जाणता माणूस मडक्यावर पाणी शिंपडतो. चर्र आवाज होऊन थेंब उडून गेले की पोपटी झाली!

या जेवणात ना तेल, ना वरून घातलेले पाणी. तरीही शेंगा मऊ होतात, त्या कशा?

उपड्या मडक्यातले शास्त्र

ताज्या शेंगांत आणि ओल्या पाल्यात भरपूर पाणी असते. मडके तापले की त्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी असल्याने ती वर चढते. मडके सुलटे असते तर ती तोंडातून निघून गेली असती. उपड्या मडक्यात मात्र वर बंद बूड असल्याने ती कोंडली जाते. एक ग्रॅम पाणी 30 अंश सेल्सिअसपासून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 70 कॅलरी उष्णता लागते. त्याची वाफ करायला आणखी 540. ही वाफ थंड शेंगेवर किंवा बटाट्यावर बसून पुन्हा पाणी होते, तेव्हा ती सगळी उष्णता त्याला देऊन टाकते. मडक्याच्या भिंतीला चिकटलेल्या शेंगा मात्र शंभर अंशांच्या वर तापून भाजल्या जातात. म्हणून पोपटीला वाफवल्याचा मऊपणा आणि भाजल्याचा वास, दोन्ही मिळतात.

आरोग्याच्या दृष्टीनेही ही पद्धत चांगली आहे. कच्च्या वालात पचनाला त्रासदायक घटक असतात. वाफेच्या उष्णतेने ते बरेचसे निष्प्रभ होतात. उघड्या जाळीवर मांस भाजताना चरबी निखाऱ्यांवर ठिबकते आणि त्या धुरातली घातक रसायने मांसावर बसतात. बंद मडक्यात हे फारसे होत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी एवढेच पाहावे, की जाडे मीठ बेताने पडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाच्या आहारात दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे.

थेंब काय सांगतो, काय सांगत नाही

खरा प्रश्न कोंबडीचा आहे. पाण्याच्या थेंबाची परीक्षा फक्त मडक्याच्या बाहेरच्या भिंतीबद्दल बोलते. कोवळ्या शेंगा पातळ असतात, त्यांच्यापुरता हा अंदाज पुरतो. मांसाचे तसे नाही. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुकडा दुप्पट जाड असेल, तर त्याचा गाभा तापायला सुमारे चौपट वेळ लागतो. त्यात कोंबडी बहुधा मडक्याच्या मधोमध, भिंतीपासून सर्वांत लांब ठेवलेली असते. बाहेर थेंब चरचरत असताना आतल्या तंगडीचे हाड अजून कोमटही असू शकते.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. ते मरण्यासाठी मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान 74 अंशांवर जावे लागते. अख्खी कोंबडी किंवा मोठी तंगडी न घालता लहान तुकडे करावेत. मडके पूर्ण भरावे, पण ठेचून भरू नये. वाफेला फिरायला वाट हवी. मडके उघडल्यावर सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत फोडून पाहावा. हळद-तिखटामुळे वरचा रंग फसवतो, म्हणून हाडालगत पाहायचे. तिथे मांस गुलाबी असेल किंवा लालसर पाणी सुटत असेल, तर ते पातेल्यात काढून झाकण ठेवून पुन्हा शिजवावे. मांसात खुपसायचा तापमापक मिळाल्यास उत्तमच.

दुसरी चूक मडके पेटण्याच्या आधीच होते. दुपारी मसाला लावलेली कोंबडी डिकीतून शेतावर येते आणि गप्पांत रात्रीचे नऊ वाजतात. जिवाणूंना अनुकूल तापमान मिळाले, तर त्यांची संख्या साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. या हिशेबाने एका जिवाणूचे चार तासांत चार हजारांहून अधिक होतात. ‘नंतर शिजणारच आहे’ हे समाधानही अपुरे आहे, कारण काही जिवाणूंनी तयार केलेले विष शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून कोंबडी बर्फाच्या डब्यातून न्यावी आणि मडके भरायच्या वेळीच बाहेर काढावी. तिला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नये. उरलेली पोपटी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे.

एवढे करूनही जुलाब-उलट्या झाल्या, तर जलसंजीवनी लगेच सुरू करावी. ताप, शौचातून रक्त, लघवी कमी होणे किंवा पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत सकाळची वाट पाहू नये.

आगीशी सलगी नको

दवाने पेंढा ओलसर झाला की कोणीतरी बाटलीतून पेट्रोल ओततो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच ओतणाऱ्यालाच वेढते. सुका पेंढा आधीच झाकून ठेवला, तर ही वेळच येत नाही. ओढणी, पदर आणि कृत्रिम धाग्याचे कपडे आगीपासून दूर ठेवावेत. गोवऱ्या व काटक्या उचलण्याआधी ढीग काठीने हलवावा. खाली विंचू किंवा फुरसे असू शकते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी ठरते, हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडमधल्या महाडचेच. विंचू चावल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात जावे.

भाजल्यास पहिला उपाय एकच: वाहते गार पाणी, सलग वीस मिनिटे. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. भाजणे मोठे असेल किंवा चेहरा, हात, सांध्यांवर असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दोन धोके मात्र आवाज न करता येतात. पहिला मधुमेही पायांचा. अनेक वर्षांच्या मधुमेहाने पायांची संवेदना कमी होते. असे आजोबा शेकोटीजवळ पाय पसरून बसतात, पाय भाजत असल्याचे त्यांना कळत नाही आणि सकाळी तळव्याला फोड दिसतो. तो लहानसा फोड चिघळला तर पाय कापण्यापर्यंतही वेळ येऊ शकते. त्यांनी बूट-मोजे घालूनच, आगीपासून लांब बसावे; घरच्यांनी झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे पाहावेत. राखेखालचे निखारे कित्येक तास धगधगत राहतात, म्हणून त्यांवर भरपूर पाणी ओतल्याशिवाय मुलांना तिथे अनवाणी सोडू नये.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. जेवणानंतर थंडी वाजते म्हणून उरलेले निखारे घमेल्यात भरून खोलीत नेले जातात आणि दारे-खिडक्या बंद होतात. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. निखारे शेतातच विझवावेत. उबेसाठी गोधडी आहे.

जुन्या जाणत्यांनी बसवलेली पोपटीची रीत शेंगांसाठी आजही बिनचूक आहे. मडक्यात कोंबडी घातली की त्या रीतीत एक पायरी वाढवायची. चर्र आवाज झाल्यावर मडके उघडावे, पहिला तुकडा हाडापर्यंत फोडून पाहावा आणि मगच पाने वाढायला घ्यावीत.