जुनापाणीची दगडी वर्तुळे: स्मशान की वेधशाळा?

सौंसरकरांचे नागपूरला जाणे-येणे नेहमीचेच. पण तिथून काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला मुद्दाम जाणारे थोडे. तिथे सुमारे ३०० दगडी वर्तुळे आहेत. लोहयुगातल्या लोकांनी मोठाले दगड गोलाकार मांडून मधे दगडगोटे आणि माती भरली. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांतली काही उकरली. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी अवजारे निघाली. ही वर्तुळे मृतांसाठी रचलेली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो काही दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांचा. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे खळगे ठरावीक दिशांना आढळले, आणि त्यांचा संबंध आकाशाशी असावा असे त्यांनी सुचवले. ही सूचना विचारात घेण्याजोगी आहे, पण तेवढ्यावरून जुनापाणीला वेधशाळा म्हणणे घाईचे होईल.

वेधशाळा कशी ओळखावी, हे पेरूमधले चान्किलो दाखवते. तिथे सुमारे २३०० वर्षांपूर्वी एका टेकडीच्या धारेवर १३ मनोरे ओळीने बांधले. ठरलेल्या जागी उभे राहिले, की वर्षभर सूर्य जेवढ्या पट्ट्यात उगवतो तेवढाच पट्टा ही ओळ व्यापते. पाहण्याची जागाही सापडली आहे, खुणाही आहेत, आणि दोन्हींचा मेळ बसतो. नुसती दिशा जुळणे मात्र पुरेसे नाही. जुनापाणीच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकतो, पश्चिमेलाही तसाच. म्हणजे क्षितिजाच्या ३६० अंशांपैकी १०० अंश सूर्याचेच! डोळे मिटून दगड ठेवला, तरी चारांत एकदा तो कुठल्यातरी उदयास्ताच्या दिशेला येणारच. बोलिव्हियाच्या पठारावरच्या तिवानाकू या प्राचीन नगरात पोस्नान्स्की या अभ्यासकाने वास्तूंचे सूर्याच्या दिशांशी असेच कोन जुळवून त्या नगराचे वय हजारो वर्षांनी फुगवले होते. पुढे कार्बन-कालमापनाने ते खोटे ठरवले.

यावर कोणी म्हणेल, शेती करणाऱ्यांना ऋतू कळायलाच हवेत, म्हणजे ते आकाश पाहत असणारच. पाहत असतील. पण मृग लागला हे जाणायला आपल्या शेतकऱ्यालाही कधी इमारत लागली नाही. आकाशाचे ज्ञान असणे वेगळे आणि वेधासाठी वास्तू उभारणे वेगळे. मृतांना एखाद्या दिशेला धरून पुरण्याची रीतही खळग्यांच्या दिशांचा उलगडा करू शकते. निकाल लावायचा तर विदर्भातल्या इतर स्थळांवरची वर्तुळेही याच पद्धतीने मोजावी लागतील, आणि त्यासाठी दगड मूळ जागी असले पाहिजेत. रस्ता, प्लॉट किंवा बांधासाठी एक दगड हलला, की त्याची दिशा कायमची पुसली जाते. म्हणून शेतात, माळावर असे वर्तुळ दिसले तर दगड हलवू नका. पुरातत्त्व विभागाला कळवा.