गाडी लो केली, मागच्या चाकांचं काय?

गाडी लो केली की मागचे टायर आतून झिजू लागतात आणि खापर फुटतं कॅम्बरवर. हा समज इतका पक्का आहे की बरेच जण लोअरिंग स्प्रिंगबरोबरच ‘कॅम्बर किट’ही मागवून ठेवतात. कॅम्बर म्हणजे गाडीकडे मागून पाहिलं असता चाक उभ्या रेषेपासून किती कललं आहे, तो कोन. चाकाची वरची बाजू आत झुकली की कॅम्बर निगेटिव्ह. तो वाढला की भार आतल्या कडेवर येतो, हे खरंच आहे. पण नवा टायर काही हजार किलोमीटरमध्येच तारा दिसेपर्यंत खाल्ला गेला असेल, तर आधी ‘टो’कडे बघायला हवं.

टो म्हणजे वरून पाहताना चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलं आहे, ते माप. समजा, एक चाक सरळ दिशेपासून फक्त पाव अंश वळलेलं आहे. भूमितीच्या हिशोबानं ते दर किलोमीटरमागे सुमारे 4.4 मीटर आडवं घासतं, म्हणजे 10,000 किलोमीटरमध्ये जवळपास 44 किलोमीटर. आणि पाव अंश म्हणजे 16 इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा फरक! नुसत्या डोळ्यांना तो दिसणं शक्यच नाही. उलट दोन अंश कललेलं, पण नाकासमोर धावणारं चाक फार घासत नाही. त्याची आतली कड जास्त झिजते, पण सावकाश. कॅम्बर वाढलेला आणि त्यात टोही बिघडलेला असेल, तर मात्र ती कड झपाट्यानं संपते. कॅम्बर डोळ्यांना दिसतो आणि टो दिसत नाही, म्हणून दोष नेहमी कॅम्बरला मिळतो.

हे कोन बदलतात कशामुळे, ते मागच्या सस्पेन्शनच्या रचनेवर अवलंबून असतं. त्यामुळे ‘गाडी लो केली म्हणजे कॅम्बर वाढणारच’ हे विधान सरसकट खरं नाही.

बीएमडब्ल्यूची 1982 मध्ये आलेली ई30 ही याचं ठळक उदाहरण. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला एकच मोठा सेमी-ट्रेलिंग आर्म आहे आणि तो तिरक्या अक्षाभोवती वरखाली होतो. तिरकी बिजागरी लावलेलं दार उघडताना जसं कलतं आणि वळतंही, तसंच इथे चाकाचं होतं: कॅम्बर आणि टो दोन्ही एकदमच बदलतात. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, त्या क्षणी चाकांचे कोनही बदलतात आणि शेपूट बाहेर निघू पाहते. या गाड्यांचा हा स्वभाव जाणकार चालकांना चांगला ठाऊक आहे. त्यात ई30 च्या मागच्या बाजूला कॅम्बर किंवा टो बदलण्याची सोय कारखान्यातून दिलेलीच नव्हती. म्हणून ट्रॅकसाठी लो केलेल्या ई30 मध्ये सबफ्रेमवरच्या ब्रॅकेटची भोकं लांबट करून तिथे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म थोडा सरकवणारा बोल्ट) बसवतात, त्यासाठी वेल्डिंगही करावं लागतं. नुसते स्प्रिंग बदलून ‘आता अलाइनमेंट करून घेऊ’ म्हणणाऱ्याच्या हाती इथे काही लागत नाही, कारण फिरवायला बोल्टच नाही.

या मर्यादेवर तोड म्हणून मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला अनेक वेगळ्या लिंक असलेली, रचना आली. मर्सिडीजनं 1982 च्या 190 मध्ये मागे पाच लिंक दिल्या. बीएमडब्ल्यूनं आधी झेड1 मध्ये आणि मग ई36 मध्ये नवी रचना वापरली. गंमत म्हणजे 1995 च्या झेड3 मध्ये त्याच कंपनीनं पुन्हा ई30 च्या धर्तीचं मागचं सस्पेन्शन बसवलं. पोर्शच्या 911 ला मल्टिलिंक मिळालं ते 993 पिढीपासून. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 ला तर चारही चाकांना डबल विशबोन होते आणि मागच्या लोअर आर्मच्या आतल्या टोकाला एक्सेंट्रिक बोल्ट. अशी गाडी माफक प्रमाणात लो केली, तर बहुतेक वेळा याच बोल्टांवर कोन परत जागेवर आणता येतात आणि वेगळं किट घेण्याची गरजच पडत नाही.

आपल्याकडच्या बहुसंख्य हॅचबॅकचं गणित वेगळं आहे. 2016 मध्ये भारतात आलेली तीन दारांची फोक्सवॅगन पोलो जीटीआय घ्या. गाडी 192 पीएस ताकदीची, पण मागे ट्विस्ट बीम. या रचनेत दोन्ही चाकं एकाच आडव्या बीमला जोडलेली असतात आणि गाडी सरळ खाली बसली, तर मागच्या कॅम्बर-टोमध्ये नगण्य फरक पडतो. म्हणजे इथे मागच्या चाकांसाठी कॅम्बर किट मागणं हीच मुळात चुकीची मागणी. कोन बदलायचेच असतील, तर स्टब ॲक्सल आणि बीम यांच्यामध्ये पाचरीसारख्या पातळ शिम घालाव्या लागतात. आणि अलाइनमेंटच्या मशीनवर मागचा एखादा आकडा लाल दिसलाच, तर आधी बीम वाकला आहे का, हे तपासायला हवं. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत तो वाकूही शकतो.

‘जितकी खाली, तितकी वळणात भारी’ हा दुसरा लाडका समज. गुरुत्वमध्य खाली आला की भार एका बाजूला कमी सरकतो, हे बरोबर. पण वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटरही खाली जातो आणि अनेक रचनांमध्ये, विशेषतः मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढलं की बॉडीला कलवणारा जोर वाढतो. कडक स्प्रिंगमुळे तो झाकला जातो, नाहीसा होत नाही.

शिवाय प्रवासही उरत नाही. प्रवास म्हणजे चाकाला वर सरकायला शिल्लक असलेली जागा. गाडी 40 मिलिमीटर खाली बसवली, तर वरच्या बाजूचा तेवढा प्रवास आधीच खर्ची पडलेला असतो. वळणात मागचं बाहेरचं चाक बम्प स्टॉपवर, म्हणजे प्रवासाच्या शेवटी असलेल्या अडथळ्यावर, आदळलं, की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, पकड तुटते आणि गाडीचा मागचा भाग निसटतो. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान भरून घाट उतरताना हा धोका सगळ्यात मोठा. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली बसवणं तर याहून वाईट: कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही आणि चाक लोंबकळताच स्प्रिंग जागेवरून हलू शकतो. असा प्रयोग कुणीही करू नये.

मागच्या बाजूची आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फोक्सवॅगन गोल्फच्या दुसऱ्या पिढीसारख्या काही जुन्या गाड्यांत मागच्या बीमला जोडलेला ब्रेक-दाबाचा व्हॉल्व्ह असायचा. गाडी मागे दबली म्हणजे डिकी भरली आहे, असं समजून तो मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. लो केलेली गाडी त्याला कायमच भरलेली वाटते. व्हॉल्व्ह नव्यानं सेट केला नाही, तर जोरात ब्रेक दाबताच मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरू शकते.

कामाच्या जागी होणारी एक चूक फार साधी आहे आणि महागही. लिफ्टवर चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. बऱ्याच बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं, सरकत नाही, फक्त पीळ खातं. लोंबकळत्या अवस्थेत बोल्ट आवळला आणि मग गाडी जमिनीवर उतरवली, की ते रबर कायम पिळलेलंच राहतं. त्यामुळे गाडी ठरवल्यापेक्षा किंचित वर उभी राहते, कोन चुकीचे मोजले जातात आणि काही महिन्यांत बुश फाटतो. योग्य पद्धत अशी: बोल्ट आधी हातानं बसवायचे, चाकांवर गाडीचं पूर्ण वजन येऊ द्यायचं आणि मगच टॉर्क रेंचनं आवळायचे.

मोजमापालाही क्रम असतो. ‘अलाइनमेंट म्हणजे पुढची चाकं’ ही समजूत इथेच नडते. मागच्या दोन्ही चाकांची दिशा मिळून गाडीचा प्रत्यक्ष रोख ठरतो, त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो तिरका असेल, तर पुढची चाकं कितीही अचूक जुळवा, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं राहणार. म्हणून आधी टायरमधली हवा आणि गाडीची उंची, मग मागचा कॅम्बर, मग मागचा टो आणि शेवटी पुढची बाजू. कॅम्बर आर्म फिरवला की टो पुन्हा हलतो, त्यामुळे क्रम उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं. रेसिंगवाले तर हे करताना चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतका भार ठेवतात.

मागच्या टोच्या आकड्याबद्दलही मतं टोकाची असतात. रस्त्यावरच्या रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीला किंचित टो-इन (चाकांची तोंडं आत) हवाच, त्यानं मागची बाजू स्थिर राहते. ट्रॅकवर फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी लवकर वळावी म्हणून काही जण मागे थोडा टो-आउट (तोंडं बाहेर) ठेवतात. पण तेच सेटिंग पावसाळ्यात महामार्गावर घेऊन जाणं धोक्याचं आहे.

अलाइनमेंट झाल्यावर दुकानदाराकडून आधीच्या आणि नंतरच्या मापांचा प्रिंटआउट मागून घ्यावा आणि मागच्या चाकांच्या ओळी वाचाव्यात. दोन्ही बाजूंचा टो सारखा आणि थ्रस्ट अँगल शून्याच्या जवळ असायला हवा. नवे स्प्रिंग काही दिवसांत आणखी थोडे बसतात, त्यामुळे काहीशे किलोमीटर झाल्यावर हीच मापं पुन्हा एकदा घ्यावीत.