डेन्मार्कच्या चर्चला प्रमुखच नाही

इंग्लंडच्या चर्चप्रमाणे डेन्मार्कच्या ल्युथरन ‘लोकचर्च’चा प्रमुखही राजाच असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात राजा ल्युथरन असावा, एवढीच घटनेची अट आहे. चर्चचे कायदे संसद करते आणि कारभार चर्चखात्याचा मंत्री बघतो. तो श्रद्धाळू असलाच पाहिजे असंही नाही!

मग आर्चबिशप? ते पदच तिथं नाही. देशात दहा बिशप आहेत, ग्रीनलंडचा अकरावा. कोपनहेगनच्या बिशपला मान पहिला, पण बाकीच्यांवर त्याचा हुकूम चालत नाही. चर्चची घटना कायद्यानं ठरवली जाईल, असं 1849च्या राज्यघटनेनं म्हटलं होतं. ते आजही झालेलं नाही. 2014 साली सरकारी समितीनं आराखडा मांडला, पण राजकीय पक्षांचं एकमत झालं नाही. त्यामुळे एखाद्या प्रश्नावर ‘चर्चची अधिकृत भूमिका’ विचारायची, तर ती सांगायला कुणालाच अधिकार नाही. 2012 साली समलिंगी जोडप्यांची लग्नं चर्चमध्ये लावण्याची मुभा संसदेनं दिली. मात्र एखाद्या पाद्र्याला ती लावायची नसतील, तर तो नकार देऊ शकतो.

खरी सत्ता गावपातळीवर आहे. 1903 पासून प्रत्येक पॅरिशमध्ये सभासदांनी निवडलेलं मंडळ असतं. इमारत, दफनभूमी, अंदाजपत्रक सगळं त्याच्याकडे. पाद्रीसुद्धा तेच निवडतं, मंत्रालय फक्त नेमणूक करतं. प्रवचनात काय सांगायचं, यात मात्र मंडळाला बोट घालता येत नाही. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते.

चर्चकर सगळ्यांना भरावा लागतो, हाही गैरसमजच. तो फक्त सभासदांकडून घेतला जातो, आणि सभासदत्व जन्मानं नव्हे, बाप्तिस्म्यानं मिळतं. (स्वीडनमध्ये सभासद आईवडिलांची मुलं 1996 पर्यंत जन्मतःच सभासद होत, म्हणून हा घोळ होत असावा.) तरी तक्रार अगदीच बिनबुडाची नाही: पाद्र्यांच्या पगाराचा 40 टक्के वाटा सरकारी तिजोरीतून जातो, म्हणजे नास्तिकाच्या खिशातूनही.

शिवाय बाळाच्या जन्माची नोंद चर्चचंच कार्यालय करतं, मग आईवडील मुस्लिम असोत की निधर्मी. अपवाद दक्षिण युटलंडचा. 1864 ते 1920 हा भाग जर्मन अमलाखाली होता. तिथं ही नोंद मुलकी कचेरीकडे गेली, आणि डेन्मार्कमध्ये परतल्यावरही तिकडेच राहिली.