औद्योगिक उत्पादनातील मोजमापाची साखळी

एखाद्या यंत्राचे सर्व भाग एकाच छपराखाली तयार होण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. पिस्टन एका गावी, सिलिंडर दुसऱ्या गावी आणि जुळणी तिसऱ्याच ठिकाणी, अशी कामाची विभागणी झालेली असते. हे भाग कानशीने घासावे न लागता एकमेकांत नेमके बसावयाचे, तर तिन्ही ठिकाणचा मिलिमीटर एकच असला पाहिजे. ही एकवाक्यता आपोआप येत नाही. ती जाणीवपूर्वक राखावी लागते.

सूक्ष्म, परंतु चुकीचे

बारीक मोजणे आणि बरोबर मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेच्या हबल अवकाश दुर्बिणीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कमालीच्या सूक्ष्मतेने घासण्यात आला होता. तथापि, एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यानंतर प्रतिमा अंधुक येऊ लागल्या. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातीलच एक भिंग सुमारे १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले होते, असे चौकशीअंती आढळले. त्यामुळे आरशाची कड सुमारे २ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश, अधिक सपाट झाली होती. अन्य चाचण्यांनी दोषाची सूचना दिली होती. परंतु मुख्य उपकरणावर भिस्त ठेवून ती बाजूस सारली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दोष निवारणारी साधने बसविली, तेव्हा कोठे प्रतिमा स्पष्ट झाल्या. मापणारे साधन कोणी मापले, हा प्रश्न म्हणूनच मूलभूत ठरतो.

साखळीचे दुवे

कामगाराच्या हातातील मायक्रोमीटर स्लिप गेजशी, म्हणजे ठरावीक जाडीच्या अत्यंत गुळगुळीत ठोकळ्यांशी, ताडून पाहतात. हे ठोकळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील वरच्या दर्जाच्या ठोकळ्यांशी आणि ते पायरीपायरीने नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या प्रमाणाशी ताडले जातात. या कामास कॅलिब्रेशन म्हणतात. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे: निर्वात जागेत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर तोडतो, तो एक मीटर. राष्ट्रीय प्रयोगशाळेत हे प्रमाण स्थिर केलेल्या लेसर किरणांच्या साहाय्याने साकार केले जाते.

प्रत्येक पायरीवर थोडी अनिश्चितता वाढत जाते. ती किती, हे प्रमाणपत्रावर आकड्यांत नमूद असणे आवश्यक आहे. उपकरणाचा क्रमांक, तपासणीचा दिनांक, कोणत्या प्रमाणाशी तुलना केली आणि अनिश्चितता किती, या चार बाबी नसतील, तर त्या प्रमाणपत्रावरून मापाचा मागोवा राष्ट्रीय प्रमाणापर्यंत घेता येत नाही. मग त्यावरील शिक्का कितीही ठळक असो.

उष्म्याचा परिणाम

लांबीच्या मापासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान आंतरराष्ट्रीय संकेताने ठरलेले आहे. शंभर मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग ३० अंशांवर सुमारे २३ मायक्रॉनने वाढतो. पोलादाची वाढ त्याच्या निम्मीच असते. म्हणून यंत्रावरून नुकताच उतरविलेला गरम भाग लगेच मोजणे योग्य नव्हे. भाग व माप दोन्ही काही वेळ एकत्र ठेवून एका तापमानावर आणणे, हा बिनखर्चाचा उपाय लहान कारखानदारासही सहज करता येतो.

जबाबदारी कोणाची?

दुकानातील वजने-मापे वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये शासकीय यंत्रणा पडताळून मुद्रांकित करते, हे ग्रामीण भागातही सर्वांना ठाऊक आहे. कारखान्यातील अंतर्गत तपासणीच्या साधनांची जबाबदारी मात्र मुख्यत्वे कारखानदारावरच असते. चुकीच्या मायक्रोमीटरने तपासलेला माल ग्राहक-कारखान्याने परत पाठविला, तर धातू, मजुरी व वेळ तिन्ही वाया जातात. आणि सदोष भाग नजरेतून सुटून ब्रेकसारख्या ठिकाणी बसला, तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांस माप घेण्याबरोबरच मापाची नोंदवही ठेवण्याची आणि खाली पडलेले उपकरण पुन्हा तपासल्याखेरीज न वापरण्याची सवय लावणे अगत्याचे आहे. प्रयोगशाळेत सुरू होणारी साखळी अखेर कामगाराच्या हातापर्यंत पोहोचते, आणि तेथे ती तुटली, तर वरच्या सर्व दुव्यांचे श्रम व्यर्थ जातात.