सोलापूरचा मन्रो, गिंडीचा मन्रो

गिंडीत आज तमिळनाडूच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. गावाबाहेरचा हा बंगला मद्रास सरकारने घेतला १८२१ साली. गव्हर्नर होता सर थॉमस मन्रो. त्याच्या तीनच वर्षे आधी, मे १८१८ मध्ये, सोलापूरचा किल्ला घेतला तो याच मन्रोने.

ग्लासगोच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा १७८० मध्ये कॅडेट म्हणून मद्रासला उतरला. हैदर, टिपू यांच्याशी लढला, पण त्याची खरी शाळा म्हणजे बारामहाल हा मुलूख. १७९२ पासून सात वर्षे कॅप्टन रीडच्या हाताखाली तो जमिनी मोजत आणि शेतकऱ्याशी थेट सारा ठरवत हिंडला. पुढे बेल्लारी-कडप्पा भागात त्याने ऐंशीच्या आसपास पाळेगार, म्हणजे स्थानिक सरदार, मोडून काढले. वसुलीत तो मवाळ नव्हता. मंत्रालयच्या राघवेंद्रस्वामी मठात जाणारे मराठी भाविक मात्र त्याला ओळखतात ते मठाच्या इनामाची चौकशी करायला गेलेला आणि स्वामींनी दर्शन दिलेला कलेक्टर म्हणून. आख्यायिकाच ती!

१८१७ मध्ये पेशव्यांशी युद्ध पेटले तेव्हा तो धारवाडकडे होता, फौज नावापुरती. त्याने शिबंदी उभारली, गावोगाव आपले अमलदार धाडले आणि बाजीरावाच्या माणसांच्या नाकावर टिच्चून सारा गोळा करू लागला. मामलती मक्त्याने देण्याच्या कारभाराला रयत विटलेलीच होती. तिने आडकाठी केली नाही. बदामी पडली. बेळगावला मात्र तीन आठवडे वेढा चालला. या मोहिमेला मी तरी लढाईपेक्षा वसुलीच म्हणेन.

१८२० मध्ये गव्हर्नर झाल्यावर त्याने शेतकऱ्याशी थेट सारा ठरवण्याची ही पद्धत, म्हणजे रयतवारी, मद्रास इलाख्यात पक्की केली, सारा कमी करून. १८०७ मध्येच त्याने चौथाई सूट सुचवली होती. तेव्हा कोणी ऐकले नव्हते. मुंबई इलाख्यात प्रिंगल या अधिकाऱ्याची जमीनमोजणी फसली आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड-विंगेट यांनी इंदापुरात ती नव्याने केली, तीही रयतवारीच. आपल्या सातबाराची वंशावळ अशी बारामहालाशी जाऊन भिडते.

मायदेशी परतण्याआधी जुन्या मुलखाचा निरोप घ्यायला तो निघाला आणि ६ जुलै १८२७ रोजी पत्तीकोंड्याला पटकीने गेला. चेन्नईत त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, खोगीर-रिकिबीविना. रायलसीमेत, जिथले पाळेगार त्याने मोडले तिथेच, लोकांनी पुढे मुलांची नावे मन्रोलप्पा ठेवली.